हेझल बर्फात, मी विमानात

तीर्थरूप सिग्नेताई,

धाकट्या ऑर्विनचा गारठलेला नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझे उत्तम आहेत. कोणी विचारलं तर तसंच सांग.) अलास्कातल्या यंदाच्या थंडीबद्दल लिहीत नाही, शाईच गोठायची.

परवा काय धमाल झाली म्हणून सांगू! हेझलला घेऊन आपल्या छोट्या विमानाने लांबच्या गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलो. उतरलो असा झकास, की मीच मला शाबासकी दिली. आणि थांबतोय तोच विमान खचलं! वर कोरडा बर्फ, खाली पाण्याचा लगदा. (बर्फाच्या भाराने तळ्यातलं पाणी फटींतून वर येतं आणि दबा धरून बसतं, लबाड.) अशात जास्त थांबलं तर चाकांच्या जागच्या स्की जागीच गोठतात. म्हणून एकाने इंजिन चालू ठेवायचं, दुसऱ्याने उतरून पंख हलवायचा, आणि विमान सुटलं की न थांबता गोल फिरवत राहायचं. खालच्याने पळत येऊन उडी मारायची. हेझल उतरली (दंड तिचेच मजबूत). विमान सुटलं. मी वळसा घालून आलो, तर बाई कमरेवर हात ठेवून उभी! उडी मारायचं नाव नाही!

मग काय, भांडण फेरीफेरीने. ती ओरडली, "आधी किल्ली!" पुढच्या फेरीला मी विचारलं, "कसली किल्ली?" त्याच्या पुढच्या फेरीला उत्तर आलं, "विमानाची! आजपासून ती माझ्याकडे!" मी म्हणालो, "अगं वेडी का काय तू, बस आधी!" हे भलतंच महागात पडलं, नंतरच्या फेऱ्यांना ती माझ्याकडे पाठ करून उभी. तिची विजार भिजून कडक होत चाललेली, इंधनाचा काटा खाली चाललेला. ताई, खरं सांगतो, घाबरलो. "दिली! दिली गं बाई!" असं बोंबललो, तेव्हा तिने आधी ओले हातमोजे आत फेकले, मग स्वतः आली.

किल्ली आता तिच्या गळ्यात आहे. दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
ऑर्विन

ता. क. खरं काम हे. हेझल तुझा शब्द मोडत नाही. इंजिनाच्या आवाजात दिलेलं वचन धरायचं नसतं, असं तिला मोठ्या नणंदेच्या अधिकाराने खडसावून लिही. उडणं बंद झालं तर मी घरात करू काय गं? भिंती बघू?

ता. क. (पुन्हा) थांब, काही लिहू नकोस! तिने पत्र वाचलं आणि पोट धरधरून हसली. मला घरी बसवायला किल्ली घेतलीच नव्हती म्हणे. इतकी वर्षं दरवेळी खाली तीच उतरते, त्याचा तिला वीट आलाय. शनिवारपासून मी शिकवणार, ती चालवणार, आणि पंख हलवायला मी. दाजींचे मांडीपर्यंतचे रबरी बूट ताबडतोब पाठव.