काटे कुठे अडकतात

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज परत अडकलं. लोहगावच्या धावपट्टीवर उतरायला आलो होतो, खाली शहर, समोर पट्टी, सगळं झकास. आणि उंचीचा काटा थबकला. मग एकदम टुणकन खाली. तोवर आमचं विमान कुणाच्या तरी गच्चीवर आदळलेलं. सौ. सुमनने विचारलं, सगळे मेले का. तिला प्रवाशांची फार काळजी. विमान कम्प्युटरवरचं, आपल्या गॅलरीत आहे आणि त्यात आपण दोघंच असतो, हे कितीदा सांगितलं तरी विचारतेच.

रविवारी प्रशांतने ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा प्रोग्राम, घातला, तेव्हापासून हे दुखणं. चांगलं चाललं होतं. आमचे चिरंजीव हिंजवडीत आठवडाभर हेच करतात आणि सुट्टीच्या दिवशी बापाकडे येऊन परत तेच. "जुनं व्हर्जन आहे बाबा, अपडेट मारतो." मारला. भोगतोय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं. स्पीकर बंद, कान मोकळे. जेवण उरकून बसलो. तिन्ही पडदे लावले. दोन समोरच्या दृश्याचे, डावा नुसत्या घड्याळांचा: वेग, उंची, क्षितिज. एकच पडदा लावला तर ठीक. तिन्ही लावले की कोपऱ्यातला आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात तो, धाडकन घसरतो. काटे झोपतात. मग उडी.

सु. उतरतानाची यादी वाचत होती. खऱ्या विमानात एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं आणि उत्तर द्यायचं. आमच्याकडे वाचायचं खातं तिचं. जन्म महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात गेला, शिवाय वर्षावासाचे तीन महिने विहारातलं ग्रंथवाचन तिच्याकडे, त्यामुळे आवाज खणखणीत. "चाकं?" "खाली." "फ्लॅप?" "पूर्ण." शेजारी विचारतात, शिकवण्या सुरू केल्यात का.

इंटरनेटवर शोधलं. हाच ड्रायव्हर घातलेले लोक जगभर बोंबलतायत. कुणाचं क्षितिज अडकतं, कुणाचा वेग. वाचून जीव भांड्यात पडला. का पडला तेही लिहितो, इथे कोण बघतंय. काटा अडकलेला मला दर वेळी दिसत नाही. कधी कधी काटा इथे असतो आणि मग तिथे असतो. मधे काहीच नाही. मनात पाल चुकचुकली होती. डोळे? की आणखी काही? पण नाही, ड्रायव्हरच. सगळ्यांना तेच होतंय.

२१ सप्टेंबर, शनिवार

अनूला शाळेतून आणताना कात्रज चौकात सिग्नलला थांबलो. लाल होता. मागून हॉर्नवर हॉर्न. लोकांना जरा दम नाही, असं म्हणतोय तोवर एक टेम्पोवाला बाजूने जाता जाता म्हणाला, काका, झोप घरी जाऊन काढा. वर बघतो तर हिरवा. स्कूटर पुढे काढली. अनू पाठीमागून म्हणाली, "आजोबा, कधीचा हिरवा झालाय. मी हाक पण मारली."

मला ऐकू आली नाही. हेल्मेट घट्ट आहे. नवीन घ्यायला हवं.

सु.ला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात.

२२ सप्टेंबर, रविवार

प्रशांत सकाळीच आला. नवा ड्रायव्हर मुळासकट उपटला, जुना घातला, आणि आपोआप अपडेट होण्याचं बटणही बंद केलं. "सॉरी बाबा." मी म्हटलं, तुमच्या कंपनीत पण असंच करता का, चाललेलं बिघडवून मग सॉरी. हसला.

मग तिघंही गॅलरीत. आकडा चाळिशीत ठाण मांडून. मी लोहगावला असा उतरलो की सु.ने यादी खाली ठेवून टाळी वाजवली. काटे लोण्यासारखे फिरत होते. प्रशांत म्हणाला, बघा, तुम्ही उगाच टेन्शन घेत होता. खरंच घेत होतो रे बाबा. किती, ते तुला कळायला नको.

सु.ने शिरा केला. दोनदा घेतला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

झालं. परत.

नीट लिहितो. जुना ड्रायव्हर. आकडा चाळीसच्या आसपास, हलला नाही, मी त्याच्यावरच डोळा ठेवून होतो. सु. म्हणाली, "वेग?" मी सांगितला. पुढचा शब्द ऐकला तो "दिवे?" वेगानंतर चाकं, मग फ्लॅप, मग दिवे. यादी मीच लिहिलीय, तिला इंग्रजी नको म्हणून मराठीत. मधलं गेलं कुठे? ती कधी गाळत नाही. विहारात स्वल्पविरामसुद्धा गाळत नाही. बघितलं तर चाकं खाली होती, फ्लॅप पूर्ण. माझाच हात. मला पत्ता नाही.

टेलिफोन खात्यात आयुष्यभर एकच काम केलं. तक्रार आली की आधी खांबावरच्या पेटीला आपला फोन लावून बघायचा. तिथे टोन येत असेल तर लाईन ठीक, दोष गिऱ्हाईकाच्या घरात. गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी दोष घरातच.

चित्र अडकलं तर चित्र अडकेल. पण सुमनचा आवाज काही ग्राफिक्स कार्डातून येत नाही. ती शेजारी स्टुलावर बसून बोलते. तोही तुटला.

दोष घरात आहे.

 

२५ सप्टेंबर, बुधवार

अनूला आणायला रिक्षाने गेलो. स्कूटर पंक्चर आहे असं सांगितलं. सु. म्हणाली, मग काढून आणा. हो म्हटलं.

आईची सारखी आठवण येतेय. शेवटी शेवटी ती मला साहेब म्हणायची. "साहेब, माझा मुलगा टेलिफोनात आहे, त्याला जरा फोन लावून देता का?" मी दुसऱ्या खोलीत जाऊन हॅलो म्हणायचो. मग ती माझीच खुशाली विचारायची. सु. तेव्हा रडायची, मी नाही. मला वाटायचं, आईला काय कळतंय, ती सुखात आहे. पण सुरुवातीला तिला कळत असेल का? असंच, एकटीला, कुणाला न सांगता?

भीती वाटते. साधी सरळ भीती.

२६ सप्टेंबर, गुरुवार

विमान नको म्हणालो. डोकं दुखतंय. सु. विहारात जाईपर्यंत दोनदा कपाळाला हात लावून गेली. ताप नाही म्हणाली, नाटक आहे म्हणाली.

ती गेल्यावर एकटाच बसून पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघत राहिलो, उडी मारतो का ते. नाही मारली. पण मारली असती तर मला कळलं असतं का? हे असं आहे. ज्याने तपासायचं तोच बिघडलाय.

२८ सप्टेंबर, शनिवार

प्रशांतचा फोन. काटे कसे आहेत? तोंडातून निघून गेलं, अजून थोडे अडकतात. तो खूष झाला की काय कोण जाणे. म्हणाला, मग कार्डच जुनं झालंय बाबा, दिवाळीला नवं घालू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. लहानपणी त्याचा रेडिओ मी दुरुस्त करून द्यायचो, तेव्हा माझा आवाज असाच यायचा.

नवं कार्ड घाल बाबा. मिळत असेल तर घालच.

संध्याकाळी आला आणि स्कूटरचं चाक बघून गेला. पंक्चर कुठाय, विचारलं. काढलं म्हणालो. सोमवारी मनीषाची मीटिंग आहे, अनूला आणायला तुम्हीच जा, असं सूनबाईचा निरोप सांगून गेला. सु. शेजारीच उभी होती. हो म्हटलं.

२९ सप्टेंबर, रविवार

सांगायचं तर काय सांगायचं? सांगितलं की स्कूटर गेली, गॅलरी गेली, अनूला आणणं गेलं. मग मी खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघत राहायचं.

आणि नाही सांगितलं तर मागे पोर बसते. माझ्या कमरेला हात घालून. कात्रजच्या चौकात, घाटातून उतरणाऱ्या ट्रकांच्या मधून.

लिहिलं की किती सोपं दिसतं. तरी तोंड उघडेना. चहा झाला, जेवण झालं, सु.ने मालिका बघितली. मी बसलो होतो शेजारी. भित्रा.

३० सप्टेंबर, सोमवार

स्कूटर घेऊन गेलो. वाटलं, आज नीट लक्ष देऊ. मोठ्याने बोलत गेलो, सु.च्या यादीसारखं. सिग्नल? लाल. ट्रक? उजवीकडे. रिक्षा? थांबलीय. बाजूचा एक पोरगा माझ्याकडे बघून हसला.

शाळेच्या फाटकाशी पोचलो. स्टँडला लावली. आणि आठवायला लागलो की चौक कसा ओलांडला. चौकाच्या अलीकडचा रसवंतीवाला आठवतो, म्हणजे तिथपर्यंत बोलत होतो. पुढे शाळेचं फाटक. चौक नाही. एवढा थोरला चौक, नाहीच.

वॉचमनच्या खुर्चीवर बसलो. त्याने पाणी दिलं.

अनू बाहेर आली, धावत. दप्तर माझ्याकडे देऊन सरळ स्कूटरवर चढून बसली. उतर म्हणालो. का म्हणाली. उतर म्हणालो, जरा जोरातच. तिचे डोळे भरले. मी तिच्यावर कधी ओरडत नाही. स्कूटर तिथेच ठेवली, किल्ली वॉचमनकडे दिली, रिक्षा केली. रिक्षात ती तोंड फिरवून बसली. मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून बसलो होतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सु.ला सांगितलं. सकाळी, ती मेथी निवडत होती तेव्हा. सगळं सांगितलं, चौकाचं, यादीचं, आकडा हलला नाही ते. तिने मेथी बाजूला केली नाही. निवडत निवडतच ऐकलं. मला वाटलं म्हणेल, तुमचं काहीतरीच.

म्हणाली, "तो ड्रायव्हर का काय तो प्रशांतने गणपतीत घातला ना? मी वर्षावास बसल्यापासून तुम्हाला एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारतेय."

वर्षावास आषाढात बसतो.

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस?

"लग्न झाल्यापासून पहिल्या हाकेला कधी ओ दिलीय तुम्ही? मला वाटलं, नेहमीचंच."

दोघंही हसलो. खरंच हसलो. मग ती मेथीच्या काड्या पाल्यात आणि पाला काड्यांत टाकत होती. मी सांगितलं नाही.

आषाढापासून. म्हणजे सगळे महिने मी अनूला मागे बसवून... नको.

प्रशांतला तिनेच फोन केला. तो ऑफिसातून निघून आला. पहिल्यांदा गॅलरीत गेला, कम्प्युटर चालू केला, आकडा बघत बसला. किती वेळ. मी दारात उभा. म्हणाला, "बाबा, अजून एक सेटिंग आहे, ते बघू का?" बघ म्हटलं. त्याला दुसरं काय सुचणार.

३ ऑक्टोबर, गुरुवार

स्वारगेटजवळ डॉक्टर. बाई आहेत, तरुण, प्रशांतपेक्षा लहान असतील. डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला. मग मोठ्या मशीनच्या बोगद्यात घातलं. ठकठक ठकठक. आमच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये असाच आवाज असायचा, उलट बरं वाटलं.

म्हणाल्या, लहान लहान झटके असू शकतात, माणूस डोळे उघडे ठेवून क्षणभर हरवतो, हातातलं काम चालू राहतं. तसं असेल तर गोळ्यांनी आटोक्यात येतं. दुसरंही काही असू शकतं. दुसरं काय, हे मी विचारलं नाही. सु.ने विचारलं. त्यांनी सांगितलं. मी तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो, पण ऐकू सगळं आलं. नेमकं तेव्हा बरं सगळं ऐकू येतं.

त्यांनी विचारलं, असं होताना कुणी पाहिलंय का? सु. म्हणाली, "पाहिलं नाही. रोज ऐकतेय."

रिपोर्ट सोमवारी. तोवर गाडी चालवायची नाही. शाळेच्या फाटकाशी ठेवलेली स्कूटर प्रशांत घेऊन गेला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

अनूला बसने आणलं. सु. बरोबर होती. अनूने विचारलं, स्कूटरला काय झालं? म्हटलं, आजारी आहे. औषध दिलं का? देणार आहेत, म्हटलं. तेवढ्यावर राजी झाली. सोमवारचा राग गेलेला दिसतोय.

दुपारी गॅलरीचं दार उघडं होतं. मी तिकडे जात नव्हतो. सु.ने यादी काढली, स्टूल ओढलं. म्हणाली, बसा. यात तर कुणी मरत नाही ना, तुम्हीच सांगता. बसलो. लोहगाव लावलं. हवा स्वच्छ, आकडा चाळीस, काटे लोण्यासारखे. सोमवार आहे, तो येईल तेव्हा येईल.

पट्टी दिसायला लागली.

"वेग?" सांगितला.

"चाकं?"

"खाली," मी म्हणालो. आणि तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदा विचारलं होतं तिने, की दुसऱ्यांदा? तोंडावरून काही कळेना. चष्मा नाकावर घेऊन कागदाकडे बघत होती. मग पुढची ओळ वाचायला लागली.