जगाची जत्रा दारात ‘येते’ म्हणाली

सगळ्यात आधी कोण यावं, गंगू? चढ्ढाजी! पाहुणे दुपारी जेवायला यायचे, आणि हे गृहस्थ सकाळच्या दुधासोबतच दारात. हातात पोटाएवढा गुच्छ आणि खाली गेटपाशी स्वागताचे ढोलवाले. (अगं, जयभीम लिहायचा राहिलाच. धाकट्या बहिणीला ताईचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? माझा होता तसाच. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून वाच.)

तर पाहुणे कसले ते ऐक. माझा गुणवंत, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवतो तो, इथे जगाची जत्रा आणतोय! सगळे देश मंडप टाकतात आणि आपण काय नवं केलं ते दाखवतात. गुणवंत त्याला जागतिक प्रदर्शन म्हणतो, पण पाळणा असणार हे त्यानेच सांगितलं, म्हणजे जत्राच की. गावच्या जत्रेत पाळण्यावर भोकाड पसरणारं पोरगं, आता अख्ख्या जगाला पाळण्यात बसवायला निघालंय! सोबत आणखी कारखानदार आहेत, चढ्ढाजी त्यांचे पुढारी. जत्रा कोणत्या शहराला द्यायची ते ठरवणारी परदेशी मंडळी शहर बघायला आली होती. त्यांच्या मुख्य मादाम म्हणाल्या, हॉटेलचं पुरे, कोणाच्या तरी घरी जेवू. झालं! चढ्ढाजी म्हणे माझं फार्महाउस, दुसरे म्हणे माझा बंगला. भांडण मिटेना. शेवटी कोणालाच हेवा वाटणार नाही असं घर शोधलं, ते निघालं आपलं, मयूर विहारचं, तिसऱ्या मजल्यावरचं. गुणवंतचा चेहराच उतरला. आई, काही बिघडलं तर सगळे मलाच धरतील, म्हणाला. मी म्हटलं, बिघडतंय कसं? मी सांबारवडी करते.

तिथेच घोळ झाला. गुणवंतचा मॅनेजर श्रीरंग पुण्याचा. त्याला सांगितलं, सांबार आण, ताजा, भरपूर. तो आला मद्रासी हॉटेलातून बादलीभर सांबार घेऊन. वाफाळतं, आत शेवग्याच्या शेंगा! (पुण्याकडे सांबाराला कोथिंबीर म्हणतात. मराठीच आहेत बिचारे, पण काय करणार?) मग मी गॅलरीतल्या कुंड्या ओरबाडल्या, खालच्या मजल्यावरच्यांच्याही (त्यांना अजून माहीत नाही). जेमतेम ताटलीभर वड्या झाल्या. त्या सगळ्या मादामने खाल्ल्या. बाकीचे सांबार प्यायले, आणि चढ्ढाजींनी बादलीकडे बघत विदर्भाच्या हातचवीची फार तारीफ केली.

निघताना मादाम दाराशी काहीतरी बोलल्या, त्यात गो, गो ऐकू आलं. एवढं इंग्रजी मला कळतं. मी त्यांचा हातच धरला. भरल्या घरातून कोणी ‘जाते’ म्हणतं का, बाई? ‘येते’ म्हणावं! श्रीरंगने समजावलं, आणि त्या माउलीने हात जोडून स्वच्छ म्हटलं, "येते."

चढ्ढाजी जिन्यावर होते. "क्या बोलीं?"

"बोलीं, आती हूँ," श्रीरंगने सरळ सांगून टाकलं.

"आ रहे हैं! मेला आ रहा है!"

खाली ढोल सुरू, लाडू सुरू. गुणवंतला खांद्यावर उचललं. तो वरून ओरडतोय, अरे नहीं, वो तो हमारे यहाँ ऐसे ही बोलते हैं! पण ढोलात ऐकतो कोण? गंगू, घोळ तर घोळ, पण चढ्ढाजींच्या खांद्यावर माझा लेक बघितला, आणि माझी छाती गॅलरीत मावेना.

खाली ढोल कशाचे वाजताहेत ते श्रीरंगने मादामला सांगितलं. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, अजून काही ठरलं नाही, इतर शहरंही बघायची आहेत. पण दारात बोलले आहे, तर मला एकदा यावंच लागेल.

पोरांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला माझ्याकडून एक हात तेल.

तुझी ताई

ता. क. जत्रा मिळालेली नाही, हे गुणवंतने चढ्ढाजींना समजावलं. ते म्हणतात, अम्माजीच्या दारातला शब्द आहे, खाली कसा पडेल? ढोलवाले त्यांनी सांगून ठेवलेत.

पुन्हा ता. क. खरं तर यासाठीच लिहायला बसले. कुंड्या बोडक्या आहेत, आणि श्रीरंगवर माझा भरवसा नाही. तुझ्या परसातला सांबार ओल्या फडक्यात गुंडाळ आणि गाडीत बस. मादाम जत्रेसाठी येणार की वडीसाठी, ते मी विचारलं नाही. दिवस तेवढा पक्का करून घेतला: सव्वीस जानेवारीनंतरचा पहिला रविवार.