चाळीस काचा

दादा,

बाबा गेले तेव्हा त्यांचा मेंदू अभ्यासाला द्यायला तू नको म्हणत होतास. मी भांडून सही केली. आता त्याच प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते. मेंदूत राखणदार पेशी असतात. त्या कचरा साफ करतात, पण बाबांसारख्या विसरण्याच्या आजारात फुगतात आणि पेशींना जोडणारे चांगले धागेही खाऊन टाकतात. मी मोजते त्या या फुगलेल्या. मेंदूचा पातळ काप लावलेली काच कोणाची ते कळू नये म्हणून तिच्यावरच्या नावावर चिकटपट्टी असते.

काल मी एक पट्टी नखाने उचलली. बाबाच निघाले! मग त्या काचेवर फुगलेली पेशी दिसली की मी मनात म्हणायचे, "ही काही एवढी वाईट नाही," आणि सोडून द्यायचे.

आज प्रयोगशाळेच्या मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या भडकल्या. "मी क्रम बदलून नव्या पट्ट्या लावते. चाळीसच्या चाळीस पुन्हा मोजायच्या!"

मोजणार. तू विचारशील, "बाबांची कोणती?" आणि मला पुन्हा पट्टी उचलावीशी वाटेल, म्हणून हे पत्र टाकत नाही. तिकीटखिडकीवर नोकरीला असताना बाबांनी मलासुद्धा रांगेतच उभं केलं होतं. आता तेही रांगेतच थांबतील.

तुझी हट्टी,
धाकटी