देवदारच्या भिंतीतलं दार

लक्ष्मीबाई नगर, नोव्हेंबर १९९६, गुरुवार

रिजच्या टेकडीवरच्या त्या लाकडी बंगल्यातून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका लाकूड-व्यापाऱ्याने तो गिऱ्हाइकांना माल दाखवायलाच बांधला. भिंती देवदारच्या, जमीन सागवानी. माझ्याच शिफारशीने तो वारसा यादीत आला. आता परवानगीशिवाय फळीही हलवायची नाही. आणि आज पाहते तर सुतार झोपायच्या खोलीच्या भिंतीला करवत लावतोय!

मी ओरडलेच. बीजी, त्या व्यापाऱ्याची सून, ऐंशी ओलांडलेल्या, तिथे एकट्याच राहतात. म्हणाल्या, "बेटी, ज़रा मेरे साथ बाथरूम तक चलो."

बाथरूम अंगणापलीकडे. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. व्हरांडा, निसरड्या पायऱ्या, मग अंगण. "पिछली सर्दी में यहीं गिरी थी. सुबह तक पड़ी रही. अब कमरे की बगलवाली कोठरी में बाथरूम बनवा रही हूँ, दरवाज़ा उसी के लिए है."

गुडगावला मुलाच्या नव्या फ्लॅटवर का जात नाही, विचारलं. "वहाँ मैं मेहमान हूँ."

परत येईपर्यंत त्यांना धाप लागली. मनगट काही सोडलं नाही.

सुताराला म्हटलं, "काटो मत. कील निकालकर तख्ते पूरे उतारो, सँभालकर रखो. फिर बना दो दरवाज़ा."

घरी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, परवानगी कोणी दिली?"

"मी."

"तुला तो अधिकार आहे?"

नाही. बिलकूल नाही. उद्या ऑफिसात साहेबांना मीच सांगणार, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. काम काढून घेतील कदाचित. चुकलं का माझं? फळ्या पुन्हा बसवता येतील, पण साहेब ऐकतील?

निघताना बीजींनी विचारलं होतं, "कोई रोकेगा तो नहीं?"

मी "नहीं" म्हणून आलेय.