मृत्यूची तारीख: दिवस निवडा

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
लागली एकदाची नोकरी! हाटकेशला, गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर, वेबसाइट बनवणारं छोटंसं ऑफिस. बेव्हर्ली पार्कच्या घरून रिक्षाने दहा मिनिटं. सात वर्षांची माझी निशू शाळेतून आली की शेजारच्या शैलाताई सांभाळतात. अजून काय पाहिजे?

पहिलं काम उत्तनच्या एका चर्चचं. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायचा फॉर्म. त्यात मृत्यूच्या तारखेचे तीन रकाने आहेत, त्यांत आधीपासून दिसणारं ‘डे’, ‘मंथ’, ‘इयर’ बदलून ‘दिवस निवडा’, ‘महिना निवडा’, ‘वर्ष निवडा’ करायचं. चर्चची नोंदवही सांभाळणारे कॅजिटन अंकल स्वतः येऊन सांगून गेले. येताना सुके बोंबील आणले होते, सगळं ऑफिस घमघमलं!

मंगळवार, ११
लेबलं बदलली. फॉर्म चालतोय का बघायला निशूचं नाव टाकलं. टेस्टिंगला सगळे घरचीच नावं टाकतात. तारीख न निवडताच सेव्ह झाला की! ते दुरुस्त करायचंय.

गुरुवार, १३
निशूची नोंद पुसलीच जात नाहीये. वर ‘वर्ष निवडा’च्या जागी २०२५ आलंय. मी निवडलेलं नाही. परत लेबल घातलं, तर डोळ्यांदेखत पुन्हा २०२५.

शुक्रवार, १४
दुपारी शैलाताईंचा फोन, निशूला ताप आलाय. निघताना पाहिलं. महिन्याच्या रकान्यात ‘नोव्हेंबर’.

कॅजिटन अंकलना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, जित्या माणसाचं नाव आमी मयतांच्यात कंदी घालत न्हाय, बाय. घातलं का पुसत न्हाय. त्याच्या जागी दुसरं घालावं लागतं. दुसरं कुणाचं, विचारलं, तर फोन ठेवला.

सोमवार, १७
ताप उतरत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. लॅपटॉप तिच्या उशाशी घेऊन बसलेय. ‘दिवस निवडा’ अजून आहे. असू दे. असू दे रे देवा.

मंगळवार, १८. सकाळ
लेबल गेलं. तिथे १८ — आजचाच —

निशू डोळे उघडत नाही. शैलाताई रिक्षा आणायला धावल्यात.

नाव बदलता येतंय. शैलाताईंचं टाइप केलं — पुसलं. काय करत होते मी!

माझं टाकलं. सेव्ह.

निशू उठली. पाणी मागतेय. कपाळ गार लागतंय, बाई माझी! हात जड झालाय — आले गं, आलेच, एवढं लिहून —

निशू, शैलाताई येईपर्यंत तू इथेच बस, आईकडे बघू न