कौलारू रांग, सत्त्याऐंशीपट लहान

३ ऑगस्ट

शी! कौलांवर बर्फ! राहुरीत बर्फ!

शिर्डीला जाऊन आले. हनुमंतशेठच्या हॉटेलात लॉबीमध्ये मोठी काचेची पेटी आहे, आत खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान रेल्वे फिरते. रूळ, इंजिन, मळीचे टँकर — ते सगळं झकास. रुळांमागे घरांची रांग. ‘ही आमची चाळ,’ शेठ म्हणाले. राहुरीच्या पुढे जो साखर कारखाना बंद पडलाय, त्याची कामगारांची चाळ. शेठ तिथेच वाढले, वडील बॉयलरवर होते.

आणि चाळ म्हणून काय मांडलंय? ऑनलाइन मागवलेली विलायती घरं. धुराडी. छपरांवर बर्फ म्हणून पांढरा रंग. एकेक वीट पावाच्या लादीएवढी!

‘मॅडम, जरा आपल्याकडची वाटली पाहिजेत. तुम्ही बिल्डर लोकांची मॉडेलं करता ना?’

करते. पोटासाठी करते. कधीच न होणाऱ्या बागा, कधीच न भरणारे तलाव. वीस वर्षं खोटं कापतेय आणि खोटं चिकटवतेय. हे काम मात्र खरं करणार. वीट न् वीट.

७ ऑगस्ट

चाळीवर गेले. अजून सहा-सात बिऱ्हाडं राहतात तिथे. बाकीच्या खोल्यांना कुलपं. इमारत कुणाच्या ताब्यात आहे ते कुणालाच नीट सांगता येत नाही.

काय दिसलं, काय दिसलं! मंगलोरी कौलं, मधेच पत्रा, पत्र्यावर दगड आणि टायर. एकाच भिंतीवर तीन रंगांचे थर, खाली ओल चढून गिलावा फुगलेला. मागे संडासांची रांग — एकाला दार नाही, जुनी साडी लावलीये. मी फोटो काढत सुटले.

टोकाच्या खोलीतून केशरबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या असतील. मुलगा बन्सी टेम्पो चालवतो, दोघंच राहतात.

‘काय मापतीस गं?’

‘तुमच्या घराची छोटी प्रतिकृती करतेय, मावशी. शिर्डीत ठेवायचीये.’

‘आमचं घर? काचंत?’ हसल्या. ‘लई रिकामी हायस.’

आत बोलावलं. चहा दिला, बशीत दोन पार्ले. टोकाच्या भिंतीला लागून त्यांची खाट, खाटेवर बसूनच मी आतली मापं लिहून घेतली.

९ ऑगस्ट

शेठनी व्हॉट्सॲपवर रंगाचा नमुना पाठवलाय. गुलाबी! गुलाबी चाळ!!

१४ ऑगस्ट

पहिली दोन घरं करून घेऊन गेले. शेठचा चेहरा उतरला.

‘हे एवढं घाण कशाला दाखवायचं? भाविक येतात इथं. दारात दोन बोगनवेली लावा, रंग काढा छान.’

‘तिथे बोगनवेल नाही, शेठ.’

‘मग लावा ना! मॉडेलच आहे की.’

आणि संडास काढून टाका म्हणे. शंभर माणसं मग जात कुठे होती? स्वतः तिथे वाढलेला माणूस! चार पैसे आले की आपलंच घर धुऊन, पावडर लावून दाखवायचं. किळस येते मला या लोकांची. संगमरवराची लॉबी, प्लास्टिकची फुलं, आणि आता गुलाबी गरिबी.

भांडले. शेवटी म्हणाले, ‘करा बाई तुम्हाला हवं ते. पण उद्घाटनाला चाळीतले सगळे येणारेत.’ येऊ देत. त्यांना तरी कळेल.

२० ऑगस्ट

टोकाचं घर पूर्ण! आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. केशरबाईंच्या खऱ्या घराची बाहेरची भिंत वरच्या बाजूला चार बोटं बाहेर कललीये. त्या दिवशी ओळंबा सोडून बघितलं होतं. दुसऱ्या कुणी ती सरळच केली असती. मी कलती केली, वाशांची टोकं तेवढीच सुटलेली दाखवली, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग ब्लेडनं ओढली. तासभर नुसती बघत बसले.

२६ ऑगस्ट

उद्घाटन. नारळ, शाल, ढोकळा. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते.

शेठनी गाडी पाठवून चाळीतली माणसं आणली. केशरबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. काचेला नाक लावून आधी खुदुखुदु हसल्या. ‘अगं बया, ह्यो माझा टायर! ह्यो बन्सीचा डिश!’ मग संडासाच्या साडीच्या पडद्यापाशी आल्या आणि पदर तोंडाला लावला. ‘ह्ये पन दावलंस व्हय,’ एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक.

टोकाच्या घरापाशी थांबल्या. मान तिरकी केली.

‘ही भित वाकडी का केलीस?’

मी मोठ्या तोऱ्यात — ‘मी नाही केली, मावशी. आहेच तशी. मोजलीये ना मी. बाहेर झुकलीये, वासे सुटत चाललेत.’

‘तवाच दिसलं हुतं तुला?’

‘हो.’

‘आन् माझा च्या पिऊन तशीच गेलीस?’

ढोकळ्याची ताटली हातात तशीच राहिली. आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते, इंजिन शिटी मारत होतं.

थू माझ्यावर.

२७ ऑगस्ट

सकाळी उठल्या उठल्या शेठना फोन केला. सगळं सांगितलं. शिव्या देतील वाटलं. ‘हे आधी नाही का बोलायचं, मॅडम?’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पोचले तर ते माझ्याआधी तिथे. टेम्पो उभा. केशरबाई दारात ठाण मांडून.

‘पडायची तवा पडंल. म्या न्हाई यायची. हितं माझा संसार हाय.’

शेठ खाली बसले, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, त्या चिखलात. त्यांचं बोलणंच बदललं. ‘काकी, आई गेल्यावर मला तूच जेवू घातलं ना? मंग आता माझ्याकडं ऱ्हायाला काय हुतंय? ऊठ. न्हाई म्हनायचं न्हाई.’

बऱ्याच वेळानं उठल्या. खाटेची एक बाजू बन्सीनं धरली, दुसरी शेठनी. हॉटेलच्या मागे नोकरांच्या खोल्या आहेत, त्यातली एक उघडून दिलीये. चाळीतली शेजारची खोलीही रिकामी करवून घेतली, ते बिऱ्हाड पलीकडे हलवलं. मी भांडी उचलली. चहाची कपबशी केशरबाईंनी माझ्या हातून काढून घेतली.

या माणसाला विटेचं माप कळत नाही. अजूनही बोगनवेल हवीच म्हणतोय. या वेळी भांडले नाही.

३० ऑगस्ट

पाऊस. काम नाही. एका बिल्डरच्या मॉडेलला झाडं चिकटवायची होती, हात चालला नाही.

२ सप्टेंबर

बन्सीचा फोन आला. पहाटे टोकाची भिंत बाहेर पडली आणि सगळं छप्पर आत आलं. खाट होती तिथे कौलांचा ढीग आहे. आईला अजून सांगितलं नाही म्हणाला — ती झोपलीये, शिर्डीत.