रिकामे चौकोन

३ तारीख, सोमवार

झाली एकदाची बाबांनी काढलेल्या फोटोंची साइट! चाळीस फोटो, तयार थीम, मी एकटीने बसवली. दादाने काय केलं? बाबा गेल्यावर त्यांचे कॅमेरे नेऊन कपाटात कोंबले. आता म्हणे आईचं घर विकू आणि तिला त्याच्याकडे नेऊ — "तिला दिसत नाही गं नीट." दिसत नाही म्हणे! घर घशात घालायचंय मेल्याला.

४, मंगळवार

दादाचा फोन. "साइटवर फोटो कुठायत? नुसते रिकामे चौकोन." माझ्यासमोर लख्ख दिसतायत, चाळीसच्या चाळीस! चांगलं म्हणायला याची जीभ झडते का?

लगेच आईला लावला. लिंक तिच्या टॅबवर पाठवली होतीच. म्हणाली, "बघितले की सगळे. मी खिडकीत वेणी घालतेय, तो तर किती छान आलाय!" घे!

५, बुधवार

सुनावलं दादाला. दिसत नसेल तर वेणीचा फोटो कसा सांगितला तिने? हळूच म्हणाला, "अगं, पण तिथे तर..." मी फोन आपटला. खोटारडा.

७, शुक्रवार

"आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ, मग भांड," असा त्याचा मेसेज. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय धाड भरलीय?" शाबास आई! घर विकायला माझी सही लागते. मेले तरी देणार नाही!

९, रविवार

लॅपटॉप अडकला म्हणून बंद करून पुन्हा लावला. साइट उघडली — रिकामे चौकोन! दादाचाच उद्योग, दुसरं कोण! तासभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग सेटिंगची फाइल उघडली.

पहिलीच ओळ, साइटचा पत्ता. करून बघताना मी तिथे माझ्याच लॅपटॉपचा पत्ता टाकला होता. साइट चढवण्याआधी तो बदलायचा, थीमवाल्याने ठळक अक्षरांत लिहिलंय. विसरले. म्हणजे इतके दिवस फोटो माझ्याच लॅपटॉपवर चालू राहिलेल्या चाचणीच्या प्रतीतून येत होते, फक्त मला; आज लॅपटॉप बंद केला तशी तीही बंद पडली. बाकी कुणाला एकही दिसलेला नाही. दादालाही नाही.

आणि आईला?

९, संध्याकाळ

पत्ता मुद्दाम बदलला नाही. आईला फोन केला.

"आत्ताच बघत होते गं," म्हणाली. "आज तर कालच्यापेक्षाही स्वच्छ दिसतायत."